फुकुमाबाईंचा अर्क

मात्सुए
१८ ऑक्टोबर १९९४

नोत्सु,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूचं वर्णन करायची रीत आहे. सरोवरावर धुकं आहे, शिंपले काढणाऱ्या होड्या दिसत नाहीत. झालं वर्णन. मी फुकुमा तोशिए. मुलींच्या शाळेत तुला तीन वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि तेवढ्यात तू सूक्ष्मदर्शकाच्या अकरा काचा फोडल्यास. ओळख पटली असेल.

कामाचं बोलते. सहा वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला. आता तोच आजार फुप्फुसाच्या आवरणात येऊन बसलाय. छातीत पाणी साचतं. डॉ. सागारांनी माझ्या धाकट्या बहिणीला, हिसाएला, बाहेर नेऊन सांगितलं, "ताईंना साधं पाणी साचलंय असं म्हणा." ती बिचारी तसंच म्हणाली. मी डॉक्टरांना बोलावून घेतलं. म्हटलं, "बत्तीस वर्षं मी पेशी शिकवल्या आहेत. पाण्यात काय आहे ते सांगा." तेव्हा त्यांनी बुटांकडे बघत सांगितलं.

परवा सुईने दीड लिटर काढलं. भाजक्या चहाच्या रंगाचं. "याचं आता काय करता?" मी विचारलं. "ओतून देतो," नर्स म्हणाली. मला राहवेना. त्या पाण्यात जिवंत पेशी असतात, आणि त्यांनी माझ्याकडे भाड्यावाचून मुक्काम केलाय. त्यांनी काहीतरी काम करायला नको?

तुझ्या वर्गातल्या एकीकडून कळलं की कॅन्सर पसरतो कसा, हे शोधणाऱ्या ओसाकाच्या प्रयोगशाळेत तू आहेस. पुढच्या वेळचं पाणी हवंय का? हवं असेल तर त्याचं काय केलंस ते मला खरं खरं लिहायचं, शाळेतल्या मुलीला कळेल असं. आणि धीर द्यायचा नाही. धीर देणारे इथे गल्लोगल्ली आहेत. फोन करू नकोस, फोनवर मला ऐकू येत नाही.

फुकुमा

---

ओसाका
६ नोव्हेंबर १९९४

बाई, नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि खुर्चीत सरळ बसले. चाळिशीला टेकले तरी तुमच्या अक्षरापुढे पाठीला बाक काढायची हिंमत होत नाही. काचा मी नऊ फोडल्या. उरलेल्या दोन कुणी फोडल्या ते तेव्हा सांगितलं नाही, आताही सांगणार नाही.

माझं 'हवंय' एवढंच कार्ड मिळताच पाठवलेलं तुमचं पाणी बर्फाच्या डब्यातून मागच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी पोचलं. यंत्रात गरगर फिरवलं की पेशी तळाशी बसतात, ढवळलेलं सोयाबीनच्या मिसोचं सूप निवांत ठेवल्यावर मिसो खाली बसतो तशा. त्यातल्या अर्ध्या पेशी सहा चपट्या बाटल्यांत वाढायला ठेवल्यात. उरलेल्या अर्ध्यांचा अर्क काढला. म्हणजे त्या गोठवायच्या, वितळवायच्या, पुन्हा गोठवायच्या. तीनदा असं केलं की फुटतात आणि पोटातलं बाहेर येतं. परत फिरवलं की टरफलं खाली जातात आणि वर नितळ पाणी राहतं. तोच अर्क. करंगळीच्या पेराएवढ्या वीस नळ्या भरून उणे ऐंशी अंशांच्या कपाटात ठेवल्या.

आमच्याकडे स्तनाच्या कॅन्सरच्या काही पेशी आहेत, महाआळशी. वर्षानुवर्षं हलत नाहीत. त्यांना एका इवल्याशा पेल्यात ठेवतो. पेल्याचा तळ म्हणजे बारीक भोकांचा पडदा, आणि पडद्याखाली अर्क. त्याच्या ओढीने आळशी पेशी भोकांतून पलीकडे उतरतात का, ते बघायचं. उतरलेल्यांना जांभळा रंग देऊन मोजायचं. साध्या पाण्यावर चौदा उतरल्या. तुमच्या अर्कावर एकशे बारा. मी तीनदा मोजलं. म्हणजे तुमच्या पेशी स्वतः फिरतातच, शिवाय शेजारणींनाही उठवतात. त्यांच्या पोटात असं काय असतं, ते आम्हाला शोधायचंय.

यातून तुमच्यासाठी वेळेत काही निघणार नाही, बाई. धीर देऊ नको म्हणालात म्हणून लिहिलं.

फोटो पाठवतेय. बाटलीत त्या घोसाघोसाने वाढतात. फोटो काढताना विज्ञानाच्या खोलीतल्या शेगडीचा वास आल्यासारखं झालं. थंडीत तुम्ही तिच्यावर आम्हाला मोची, तांदळाच्या चिकट वड्या, भाजून द्यायचात, आणि वर म्हणायचात, "मुख्याध्यापकांनी विचारलं तर हा ज्वलनाचा प्रयोग आहे."

तुमची
नोत्सु मिहो

---

मात्सुए
१५ नोव्हेंबर १९९४

नोत्सु,

तुझं पत्र हिसाएला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. बत्तीस वर्षं "जागेवर बसा" म्हणून ओरडले, आणि माझ्याच पेशी शेजारणींना उठवतात म्हणजे कमाल झाली. हिसाए म्हणते, "ताई मुळातच अर्क. आता नळीत भरली, एवढंच."

फोटो चहाच्या कपाटावर ठेवलाय. येणारे जाणारे विचारतात, कुठली द्राक्षं? मी म्हणते, घरचीच.

काल शाळेवरून गेले. आपली विज्ञानाची खोली पाडली. तिथे आता सायकली लावतात. ज्या कोपऱ्यात फॉर्मालिनमधला सरड्यासारखा सॅलॅमँडर होता तिथे एक लाल सायकल होती. मी बराच वेळ उभी राहिले, तर रखवालदार म्हणाला, "आजी, कुणाला शोधताय?" मी काय सांगणार? चाळीस मुली, तीन सूक्ष्मदर्शक आणि एक धूर ओकणारी शेगडी शोधत होते.

बाटल्या सांभाळ. सकाळी उठल्यावर मला आता वाटतं की माझं कुठेतरी काम चालू आहे. निवृत्तीनंतर असं वाटलं नव्हतं.

फुकुमा

---

मात्सुए
१९ जानेवारी १९९५

नोत्सु,

दोन दिवस टीव्हीसमोरून उठले नाही. भूकंपाने कोबे ओळखू येत नाही. ओसाकालाही पडझड झाली म्हणतात. तू जिवंत आहेस का, ते आधी कळव. दोन शब्द पुरेत.

मग, माणसं सावरल्यावर, बाटल्यांचं. विचारायला लाज वाटते, इतकी माणसं गेली आणि ही म्हातारी आपल्या पेशींचं विचारते. पण विचारते. जमलं तर एक नवा फोटो पाठव.

फुकुमा

---

ओसाका
३ फेब्रुवारी १९९५

बाई,

मी ठीक आहे. घरातली भांडी फुटली, बाकी काही नाही. प्रयोगशाळेत दोन कपाटं पडली. वीज गेली होती, पण अर्काच्या नळ्या वितळल्या नाहीत.

बाटल्याही सुखरूप आहेत. सहाही. नवा फोटो सोबत आहे.

आमच्याकडचे बरेच जण कोबेत मदतीला जातायत, मीही जाऊन येते. म्हणून पत्र लहान. काळजी घ्या.

मिहो

---

मात्सुए
२७ मार्च १९९५

नोत्सु,

पत्राला उशीर झाला, कारण विचार करत होते.

तुझे दोन्ही फोटो भिंगाखाली शेजारी ठेवून बघितले. पहिल्यात घोस आहेत, पेशी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. दुसऱ्यात पेशी चपट्या, शिस्तीत, फरशी बसवल्यासारख्या. तीन महिन्यांत वळण लागलं म्हणायचं! बाटलीत ज्या शांत झाल्या त्या माझ्या अंगातही शांत होत असतील. पाणीही जानेवारीपासून कमी साचतंय.

डॉ. सागारांना मला लाल औषध द्यायचंय, शिरेतून. केस जातात, उलट्या होतात, हृदयावर ताण येतो. ३ एप्रिलला दाखल व्हायचं होतं. मी काल त्यांना तुझा फोटो दाखवला आणि नको म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "बाई, फोटोवरून असं ठरवता येत नाही." मी म्हटलं, "हा फोटो माझ्या विद्यार्थिनीने काढलाय."

हिसाए रडली. तिला म्हटलं, चल, सरोवराकाठी चेरी फुलायच्या आत जागा बघून ठेवू. यंदा डबे घेऊन जाऊ, निवांत.

फुकुमा

---

ओसाका
२९ मार्च १९९५, तातडीचं टपाल

बाई,

दुसरा फोटो तुमच्या पेशींचा नाही.

तुमच्या पेशी डिसेंबरातच मेल्या. वीस तारखेला आमची वर्षअखेरची मेजवानी होती. सगळे खाली हाका मारत होते. मी घाईत एका बाटलीचं झाकण नीट लावलं नाही आणि त्याच हातमोज्यांनी बाकीच्या पाच हाताळल्या. तीन दिवसांनी सहाही बाटल्यांत पांढरी बुरशी. जिवंत पेशींचा थोडा साठा गोठवून ठेवायला हवा होता. नव्या पोरींना मी पहिल्याच दिवशी हे शिकवते. स्वतः मात्र उद्या करू, उद्या करू म्हणत राहिले.

भूकंपानंतर तुमचं पत्र आलं. लाज वाटते पण विचारते, असं तुम्ही लिहिलं होतं. ते वाचून माझ्याने खरं लिहवेना. आळशी पेशींचा फोटो काढला आणि पाठवला. त्या फरशीसारख्याच दिसतात, कायम. त्यांना वळणबिळण लागलेलं नाही.

डॉ. सागारांना आत्ताच फोन करून हे सगळं सांगितलंय. त्यांनी वॉर्डात विचारून घेतलं. मग म्हणाले, तीन तारखेची खाट अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही.

कृपा करून औषध घ्या. माझ्यावरचा राग औषधावर काढू नका.

मिहो

---

मात्सुए
९ जुलै १९९५

नोत्सु,

तीन महिने लिहिलं नाही. पहिला महिना रागाने, पुढचे दोन उलट्यांमुळे.

तुझं पत्र वाचून मी पाकीट चुलीपाशी नेलं होतं. हिसाएने हातातून काढून घेतलं. म्हणाली, "जाळलंस तर पुन्हा रागवायला काय उरेल?" तिचं खरं होतं. मे महिन्यात ते मी चौदा वेळा वाचलं आणि दर वेळी तितकीच रागावले.

पहिल्या वर्षी तू कांद्याच्या पेशीचं चित्र काढलं होतंस, आठवतं? सुबक, एकसारख्या विटा, मधोमध ठिपका. मी विचारलं, "हे भिंगातून दिसलं?" तू मान हलवलीस. मी भिंगाला डोळा लावला, तर खाली कांदाच नव्हता. चित्र पुस्तकातलं होतं. वर्गासमोर तुला काही बोलले नाही, नुसतं म्हटलं, "दिसेल तेच काढ." वाटलं होतं, पुरेसं आहे. शिक्षकांना असं वाटतं.

पेशी मेल्याचं मला दुःख नाही, मरणारच त्या. मी डॉक्टरांशी, बहिणीशी भांडून खरं ऐकायचा हक्क मिळवला, आणि ज्या एका माणसाकडून खरं मागितलं त्याने मला गोड खाऊ दिला. याचा राग आहे. तो जाईल असं दिसत नाही, म्हणून त्याच्यासकट लिहिते.

केस गेले. हिसाए रुमाल बांधून देते. आरशात मी गोगलगायीसारखी दिसते. पण श्वास बरा आहे, जिना चढते.

आता कामाचं. अर्काच्या वीस नळ्या होत्या. किती उरल्या? आणि उकळून पाहिलास का? लाळेचा प्रयोग विसरलीस? साधी लाळ पिठाची साखर करते, उकळलेली करत नाही.

फुकुमा

---

ओसाका
२० ऑगस्ट १९९५

बाई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोनदा जेवले.

कांद्याचं आठवतं. भिंगाखाली काच ठेवायलाच घाबरत होते, आणखी एक फुटेल म्हणून. हे कारण झालं, सबब नाही.

हिशेब देते. वीसपैकी नऊ नळ्या डिसेंबरपर्यंत वापरल्या होत्या. तुमचं पत्र येईपर्यंत उरलेल्या अकरांना हात लावला नव्हता. पेशी मेल्यावर तेवढंच तुमचं माझ्याकडे होतं, आणि वापरलं की संपणार. आमचे प्राध्यापक वैतागून म्हणाले, "नोत्सुबाई, ते पूजेचं तीर्थ आहे की संशोधनाचं साहित्य?" त्यांना मी सगळं सांगितलं, फोटोचंही. त्यांनी मला महिनाभर फक्त बाटल्या धुवायला लावल्या. बरं वाटलं.

अर्क उकळला, बाई. उकळल्यावर सोळाच पेशी उतरल्या. म्हणजे शेजारणींना उठवणारं जे काही आहे ते उष्णतेने मरतं, प्रथिन असणार. मग अर्क बारीक गाळणीतून गाळला. गाळणीखाली आला त्यावर वीस उतरल्या, वर अडकला त्यावर अठ्ठ्याण्णव. म्हणजे प्रथिन आकाराने मोठं आहे. दुसऱ्या दोघी रुग्णांच्या अर्काची तीच गत निघाली. एवढ्यात सात नळ्या गेल्या. चार आहेत.

अजून त्याचं नाव कळलेलं नाही. अंधारात कपाटापाशी पोचलोय आणि मूठ हाताला लागलीय, एवढंच. पण जूनमध्ये कपाट कुठे आहे तेही माहीत नव्हतं.

मिहो

---

मात्सुए
१२ ऑक्टोबर १९९५

नोत्सु,

छातीत पुन्हा पाणी साचलंय. लाल औषधाने सहा महिने दिले, आता त्याचा जोर सरला. डॉ. सागारा या वेळी माझ्याकडे बघून बोलले. बिचाऱ्याने प्रगती केलीय.

२६ तारखेला सकाळी पाणी काढणार. या वेळी टपालाने पाठवणार नाही. तू ये. डबा घेऊन ये. आणि छत्री आण; डबा विसरलीस तर इथे दुसरा मिळेल, पण या पावसाळी मात्सुएत छत्रीवाचून येणारी ही परगावची झाली असं लोक म्हणतील.

फुकुमा

---

मात्सुए
८ नोव्हेंबर १९९५

मिहो,

तू दारात उभी राहिलीस तेव्हा हिसाएला वाटलं विम्याची बाई आली. तिने "आम्हाला नको" म्हणून दार अर्धं लावलंही होतं. मी आतून ओरडले, "अगं, ती नोत्सु आहे! तिच्या हातात काचेचं काही देऊ नकोस!"

"बाई, बसू का?" तू विचारलंस. चाळीस वर्षांची घोडी, डोक्यावर माझ्यापेक्षा जास्त केस, तेही निम्मे पांढरे, आणि परवानगी मागतेस. मला इतकं हसू आलं की दम लागला, आणि तुम्ही दोघी घाबरलात. दमाचं कारण ते होतं, दुसरं काही नाही.

शिंपल्यांच्या सूपचे तीन वाडगे तू प्यालीस. शिंपल्यांची वाळू निघावी म्हणून वर्गात मिठाच्या पाण्यात त्यांना ठेवायचो, आणि तुम्ही मुली परातीभोवती श्वास रोखून बसायचात, कोण आधी नळी बाहेर काढतो बघायला. तू कालपरवा वाडग्याकडे तशीच बघत होतीस. एकवीस वर्षांत फार काही बदललं नाही, असं तेवढा वेळ वाटलं.

तू निघताना एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, सांगवलं नाही. लिहिते.

तुझ्या त्या दुसऱ्या फोटोवरून मी जो निष्कर्ष काढला तो पहिलीतल्या मुलीनेही काढला नसता. पेशी अशा तीन महिन्यांत बदलत नाहीत, हे मी शिकवलेलं आहे. बाटली वेगळी असेल, पेशी वेगळ्या असतील, ही पहिली शंका यायला हवी होती. आली नाही, कारण मी येऊ दिली नाही. मला लाल औषधाची भीती वाटत होती, मिहो. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ते घेताना बघितलं होतं. तुझा फोटो आला नसता तर मी दुसरं काही शोधलं असतं, एखादं स्वप्न, नाहीतर चहात उभी राहिलेली शुभशकुनाची काडी. तू खोटं पाठवलंस, मी ते हावरटासारखं घेतलं. तुझ्यावर तीन महिने रागावले, त्यातले निदान दीड माझ्यावरच होते.

तर आता हे पाणी तुझ्याकडे आहे. पेशी मरतील कदाचित. मेल्या तर मेल्या म्हणून लिही. मी रागावेन, ते माझं कामच आहे. पण पत्र चुलीपाशी नेणार नाही.

फुकुमा तोशिए

---

ओसाका
३ डिसेंबर १९९५

बाई,

आगगाडीत डबा मांडीवर घेऊन बसले. तपासनीस म्हणाला, "वर ठेवा, जागा आहे." मी म्हटलं, "आत माझ्या बाई आहेत." तो पुढच्या डब्यात गेला, तो ओकायामापर्यंत परत आला नाही. सरोवर संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. पाऊस होता, होडी एकही दिसली नाही.

आता खरं खरं.

सहा बाटल्या लावल्या. तीनमधल्या पेशी तळाला धरल्याच नाहीत, पाचव्या दिवशी तरंगत मेल्या. यात कुणाची चूक नाही. तुमच्या पेशी या वेळी अशक्त आहेत. लाल औषध त्यांच्यावरूनही गेलंय. चौथी बाटली माझ्या कोपराने पडली आणि फुटली. ही माझी चूक. तुमच्या हिशेबात बारावी, माझ्या हिशेबात दहावी.

दोन जगल्या. घोस धरतायत, लहान लहान. त्यातल्या निम्म्या पेशी मी त्याच दिवशी गोठवल्या, मेजवानीचं बोलावणं यायच्या आधी. फोटो सोबत आहे. मागे बाटलीचा क्रमांक, तारीख आणि माझी सही आहे, खाली प्राध्यापकांचीही. मी मागितली.

अर्काच्या सहा नळ्या झाल्या. मागच्यापेक्षा खूप कमी. पहिली काल वापरली. एकसष्ट उतरल्या. एकशे बारा नाहीत. औषधाने पेशींच्या पोटातलं ते प्रथिन कमी केलं, की पेशीच कमजोर म्हणून अर्क पातळ आला, मला माहीत नाही. प्राध्यापकांनाही माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, पण आधी पहिला फोटो आणि हा भिंगाखाली शेजारी ठेवून बघा, आणि पहिली शंका येईल ती येऊ द्या.

चार बाटल्या गेल्या, बाई. रागावून झालं की उत्तर पाठवा.

मिहो